बाळागोळी

शंभर वर्षांपूर्वी लालबाग-परळच्या चाळींत गिरणीचा भोंगा व्हायच्या आत कामकरी आई तान्ह्याला पाजायची आणि बाळागोळीचा कण दुधात कालवून बोटाने त्याला चाटवायची. त्या गोळीत अफू असे. मूल गुंगून जाई, रडत नसे, भूक लागली तरी मागत नसे. 1922 साली मुंबई सरकारसाठी कामकरी बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी नोंदवलं, की या बायकांच्या शंभरातल्या 98 तान्ह्यांना अफू दिली जाते. व्यसन म्हटलं, की आपण माणसाच्या दुबळ्या मनाकडे बोट दाखवतो. पण तान्ह्याला कसलं मन आवरता येणार? या मुलांना अफूची सवय लावली ती गिरणीच्या घड्याळाने आणि अफूवर महसूल मिळवणाऱ्या सरकारने, असं माझं ठाम मत आहे.

यावर जुना आक्षेप असा, की मुलांना अफू देण्याची चाल गिरण्यांच्या कितीतरी आधीची आहे. खेड्यातही शेतावर जाणाऱ्या बाया ती देत. हे खरंच आहे. 1893 साली नेमलेल्या शाही अफू आयोगानेही 1895च्या अहवालात हिंदुस्थानातला अफूचा वापर बहुतांशी माफक ठरवून सरकारी व्यापाराला अभय दिलं. पण शेतावर मूल बांधाच्या झोळीत असे, रडलं तर आई चार पावलांवर असे. गिरणीत आई साच्यांच्या खडखडाटात, मूल दहा बाय दहाच्या खोलीत. 1891च्या कायद्याने बाईच्या कामाला मर्यादा घातली, तीसुद्धा दिवसाला 11 तासांची. गोळीचा अंमल तेवढा वेळ टिकायला हवा, म्हणून मात्रा वाढे. शरीर सरावलं, की आणखी वाढे. अफूने श्वास मंदावतो, पोट बांधून येतं, दूध ओढायची ताकद जाते. अशा मुलाला साधा खोकलाही झेपत नाही.

1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बालमृत्यू झाले. हा आकडा फुगलेला आहे, कारण पुष्कळ बाया बाळंतपणाला कोकणात, घाटावर जात. जन्म तिकडे होई आणि मृत्यू इथे नोंदला जाई. शिवाय दाटीवाटी, देवी, हगवण होतीच. सगळे मृत्यू अफूच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण उपाशी राहूनही न रडणारं मूल या सगळ्यांना लवकर बळी पडतं, हे नाकारता येत नाही.

आई अडाणी होती, हे उत्तर मला पटत नाही. अफू कुठे चोरून मिळत नव्हती, ती परवान्याच्या दुकानात राजरोस विकली जाई. माळव्याची अफू मुंबईच्याच बंदरातून चीनला जात होती आणि पेटीमागे पास-शुल्क सरकारी तिजोरीत पडत होतं; 1847 साली ते 400 रुपये होतं. ती निर्यात 1913 साली थांबली, चाळीतली गोळी थांबली नाही. गिरणीत पाळणाघर काढायला लावण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला तो 1934च्या कायद्याने. त्याआधी 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला, देशातला पहिला. त्याने आईला रोज आठ आणे दिले आणि बाळंतपणानंतर चार आठवड्यांची सवड. पाचव्या आठवड्यात तिला कामावर हजर व्हावं लागे.