सीलिॲक रोगाचे निदान आणि बायॉप्सीचे प्रामाण्य : एक ऐतिहासिक विचार

रुग्णास जन्मभर गहू वर्ज्य करावयास सांगणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. सीलिॲक रोगात ती सांगावीच लागते; कारण गहू, जव व राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते आणि ते वगळणे हाच त्यावरील उपाय होय. यास्तव निदान निःसंशय असावयास हवे. आतड्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून, म्हणजे बायॉप्सीवाचून, तशी खात्री होते काय, हा आजचा वादविषय आहे. नियम कोणत्या काळी व कोणत्या गरजेतून निर्माण झाला, हे पाहिल्यास या वादाचे स्वरूप स्पष्ट होईल.

सॅम्युएल जी यांनी १८८८ साली या रोगाचे लक्षणवर्णन केले. परंतु त्याचे कारण त्यांस ठाऊक नव्हते. ते नेदरलंड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या प्रयत्नांनी उजेडात आले. महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात तेथे पावाचा दुष्काळ पडला असता ही मुले सुधारली व पाव मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. या अनुभवाने त्यांच्या पूर्वीच्या तर्कास बळ मिळाले आणि १९५० मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. १९५४ मध्ये पॉली यांनी शस्त्रक्रियेत मिळालेल्या नमुन्यांत अस्तराची विकृती दाखविली. १९५६ मध्ये मार्गो शायनर यांनी नळीच्या साहाय्याने, तर १९५७ मध्ये क्रॉस्बी व कुग्लर यांनी गिळावयाच्या कुपीने, पोट न उघडता तुकडा मिळविण्याची सोय केली. अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म अंकुर झिजून ते सपाट झालेले प्रत्यक्ष दिसू लागले. अन्य विश्वसनीय कसोटी नसल्यामुळे बायॉप्सीस जे प्रामाण्य लाभले ते सर्वथा योग्यच होते.

१९६९ मध्ये युरोपीय बालरोगतज्ज्ञांनी इंटरलाकेन येथे तीन बायॉप्सींचा दंडक घातला : निदानाच्या वेळी, पथ्यानंतर आणि पुन्हा ग्लूटेन दिल्यानंतर. १९९० मध्ये सर्वसाधारण रुग्णांस एकच पुरेशी मानण्यात आली. १९९७ मध्ये ऊतक-ट्रान्सग्लुटामिनेज हे या रोगातील प्रतिपिंडांचे लक्ष्य असल्याचे सिद्ध झाले व रक्तपरीक्षा अधिक भरवशाची झाली. २०१२ मध्ये, आणि अटी शिथिल करून २०२० मध्ये, हे प्रतिपिंड सामान्य मर्यादेच्या दहापट वा अधिक असून दुसऱ्या रक्तनमुन्यात एंडोमायसियल प्रतिपिंडही आढळल्यास मुलांमध्ये बायॉप्सी टाळता येते, असे युरोपात ठरले. तात्पर्य, बायॉप्सीचे महत्त्व तिच्यातील दोषामुळे नव्हे, तर दुसरा साक्षीदार सबळ झाल्यामुळे ओसरले.

आपल्याकडे मात्र दोन्ही साक्षीदारांची स्थिती निराळी आहे. उष्ण कटिबंधातील संग्रहणी, जिआर्डियाचा उपसर्ग, कुपोषण यांतही अंकुर झिजतात. वेल्लोर येथे बेकर व मथान यांनी संग्रहणीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. म्हणजे केवळ सपाट अस्तर येथे निर्णायक ठरत नाही. रक्तपरीक्षेविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी बोलकी आहे. उत्तर भारतात १.२३ टक्के प्रौढांत प्रतिपिंड आढळले व दर हजारी ८.५३ जणांत रोग ठरला. दक्षिणेत प्रतिपिंड ०.१० टक्का, पण रोग दर हजारी केवळ ०.११. उत्तरेत प्रतिपिंडधारी दहांपैकी सुमारे सात जण रोगी ठरले, तर दक्षिणेत जेमतेम एक. हे आकडे सर्व पातळ्यांच्या प्रतिपिंडांचे आहेत, दहापट पातळीचे नव्हेत, हे लक्षात ठेवावयास हवे. तथापि रोग जेथे विरळ तेथे चाचणीचा होकार कमी विश्वसनीय, हे तत्त्व त्यांतून स्पष्ट होते.

या पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. नाशिक जिल्हा तर गहू व भरड धान्य यांच्या सीमेवरच वसलेला आहे. निफाडच्या संशोधन केंद्राने त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे गव्हाचे वाण दिले. पेठ-सुरगाण्याकडे नागलीची भाकरी हे नित्याचे अन्न आहे. एकाच जिल्ह्यात एका घरी रोज पोळी व दुसऱ्या घरी क्वचितच गहू. अशा ठिकाणी हरियाणाचा वा हेलसिंकीचा नियम जसाच्या तसा लावणे शास्त्रीय ठरणार नाही.

तेव्हा निष्कर्ष असा की, आपल्याकडे बायॉप्सी अधिक आवश्यक आहे आणि तरीही एकटी अपुरी आहे. दोन्ही विधाने एकाच कारणातून निघतात. लक्षणे, प्रतिपिंड, अस्तर व पथ्यानंतरची सुधारणा या चारांची साक्ष जुळली पाहिजे. मुलात प्रतिपिंड दहापटीहून अधिक असून दुसरी चाचणीही जुळत असेल, तर बायॉप्सी टाळण्याचा विचार तज्ज्ञाने अवश्य करावा, अन्यत्र नव्हे. आणि निदानापूर्वीच गहू बंद करण्याची घाई कोणी करू नये. कारण त्यायोगे रक्तातील व आतड्यातील दोन्ही पुरावे पुसट होत जातात, आणि मग ज्या प्रश्नाचा निर्णय करावयाचा तो प्रश्नच अनिर्णित राहतो.