वणवे आणि पाऊस (गोंदिया जिल्हा)

महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1,200 मिमीहून अधिक पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात इथली जंगले पेटतात. पाऊस किती पडला यापेक्षा तो केव्हा थांबला, यावर इथला वणवा ठरतो. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो. त्यावर माजलेले गवत हिवाळ्यात वाळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, ऐन, धावडा, तेंदू यांचा पाचोळा त्यावर साचतो.

झाडांखाली गवत असलेल्या अशा पानझडी वनांना काही परिसरशास्त्रज्ञ दमट सवाना मानतात. परिसरशास्त्रज्ञ महेश शंकरन व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये आफ्रिकेतील सवानांविषयी दाखवले, की वार्षिक पाऊस सुमारे 650 मिमीच्या वर गेला की पाण्याची टंचाई झाडांची दाटी रोखत नाही. ते काम आग आणि चरणारी जनावरे करतात. रुक्ष सवानात आदल्या वर्षांच्या पावसाने गवत वाढले तरच आग पसरते. गोंदियात जळण दरवर्षी तयार असते, ते सुकायला किती दिवस मिळाले एवढाच फरक पडतो. त्यामुळे मार्च-एप्रिलमधला अवकाळी पाऊस शेताचे नुकसान करतो, पण जंगलाला थोडे दिवस वाचवतो.

ठिणगी मात्र बहुधा माणसाची. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. ही दोन्ही कामे ऐन कोरड्या दिवसांतली आहेत, आणि मोहफुले व तेंदूच्या उत्पन्नावर असंख्य घरांचा उन्हाळा निघतो, हे विसरून केवळ दंडाची भाषा करणे अन्यायाचे आहे.

8 एप्रिल 2021 रोजी नागझिरा अभयारण्यातील वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला. जंगल राखणाऱ्या सगळ्यांत कमी मजुरीच्या माणसांनी ही किंमत मोजली.

वनविभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतो. त्याआधी जाळरेषा साफ करतात. उपग्रहांवरून आगीच्या सूचना मिळतात. तारखेपेक्षा पाचोळ्याची ओल पाहून हंगाम ठरवणे अधिक योग्य ठरेल, कारण पाऊस लवकर आटोपलेल्या वर्षी धोकाही लवकर सुरू होतो.

वारंवार जळणाऱ्या भागात मोठी झाडे तगतात, रोपे मरतात. पाचोळा गेलेल्या उतारावरून मृगाच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर माती वाहते आणि खालच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत गाळ साचतो.