सरपण आणि सातची पाळी

अंबडचा इतिहास सांगताना लोक जमिनीपासून सुरुवात करतात. गावच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, कंपन्या आल्या, 1982 ला नाशिक महापालिका झाली न् गाव तिच्यात गेलं. हे खरंच आहे. पण सरपणाचा इतिहास कुणी सांगत नाही, आणि बायांच्या रोजगाराची गाठ तिथंच बसलेली आहे.

पूर्वी बांधावरची बाभूळ, तुराट्या आणि गोवऱ्या यांवर घरची चूल चालायची. पुढं माळ कुंपणात गेला, जनावरं कमी झाली, तशी काटकी आणि गोवरी दोन्ही आटली. ज्या कारखान्यांनी गड्यांना पगार दिला, त्यांच्याच कुंपणानं बायांची मोळी लांब नेली. अर्धा दिवस तिच्यातच जायचा.

आता पाळीचं गणित बघा. 1948 च्या कारखाने कायद्यानं बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामावर ठेवता यायचं. म्हणजे रात्रपाळी बंद. उरली दिवसाची, आणि पहिली पाळी सकाळी सातची. ओल्या लाकडावर फुंकणी मारत भाकरी थापायच्या, पाणी भरायचं, डबे बांधायचे आणि सातला गेटवर उभं राहायचं, हे जमणार कुणाला? जिच्या घरी गॅसची शेगडी आली तिला. बाकीच्या निंदणी-खुरपणीला गेल्या. शेतावर घटकाभर उशीर चालायचा, पण तिथं ना फंड, ना भरपगारी रजा.

उजेडाचंही तसंच. एकलहऱ्याचं वीज केंद्र आमच्याच तालुक्यात, 1970 च्या सुमारास सुरू झालेलं. तरी कित्येक घरांत रेशनच्या रॉकेलवर चिमणीच जळायची. सिन्नरकडं बाया घरी विड्या वळायच्या, मजुरी हजारावर. दिवसा सरपण न् चूल, रात्री अंधार, मग हजार भरणार कधी?

2016 ला उज्ज्वला योजना आली, जोडणी बाईच्या नावावर मिळू लागली. चांगलं झालं. पण टाकी भरायला पैसे नसले की कोपऱ्यातली चूल पुन्हा पेटते. पगारी काम असेल तर टाकी भरता येते, आणि टाकी भरलेली असेल तरच पगारी कामावर वेळेत पोचता येतं. हा फेरा टाकीपासूनच तोडावा लागेल. नुसत्या भरतीच्या पाट्या लावून तो तुटायचा नाही.