देवगिरीची अंधारी आणि धुराची वर्दी : अग्निसूचना यंत्रणेचा इतिहास व परिभाषा

१/ देवगिरीचा किल्ला चढताना 'अंधारी' लागते. कातळात कोरलेला हा वळणावळणाचा काळोखा मार्ग गडाच्या वरच्या भागाकडे नेतो. त्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण व शेगडीची योजना होती. शत्रू आत शिरला की निखारे पेटवायचे. बाजूच्या झरोक्यातील वाऱ्याने धूर मार्गात कोंडला जाई.

२/ बंदिस्त जागेत ज्वालेपेक्षा धूर अधिक घातक ठरतो, हे त्या दुर्गरचनाकारांना पुरते ठाऊक होते. ज्वाला दिसते, तिच्यापासून पळता येते. धूर मात्र आधी वाट हिरावतो, मग श्वास.

३/ या किल्ल्याजवळच्या शहरात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणी भागात तळमजल्यावरील कापड-शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील ७ जणांचा मृत्यू झाला. ज्वाला त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. मृत्यू गुदमरून झाल्याचे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले.

४/ त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी, ३१ डिसेंबर २०२३ रोजी, वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोज्यांच्या कारखान्यात मध्यरात्रीनंतर आग लागून ६ कामगार दगावले. तेही आत झोपलेले होते. दोन्ही घटनांत वेळ रात्रीची आणि माणसे निद्रिस्त. झोपलेल्याला जागे कोण करणार, हा अग्निसूचनेच्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

५/ प्रारंभी हे काम पहारेकरी, घंटा आणि नगारे करीत. १८५२ मध्ये बोस्टन शहरात विल्यम चॅनिंग व मोझेस फार्मर यांच्या योजनेनुसार तारायंत्रावर चालणाऱ्या सूचनापेट्या रस्तोरस्ती बसल्या. पेटीची कळ फिरवली की आगीची वर्दी मध्यवर्ती केंद्रात पोहोचे. तरी आग प्रथम पाहायला जागा माणूस लागेच.

६/ १८९० मध्ये एडिसन यांचे सहकारी फ्रान्सिस अप्टन यांना स्वयंचलित विद्युत अग्निसूचकाचे पेटंट मिळाले. तो उष्णतेवर चाले. पुढे १९३० च्या दशकात स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे उपकरण घडवू पाहत होते. ते साधले नाही. मात्र त्यांनी सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने मापकाचा काटा हलला. धूरशोधकाचा उगम या अपयशात आहे.

७/ आता परिभाषा. 'डिटेक्टर' म्हणजे शोधक. त्याचे प्रमुख प्रकार दोन. 'स्मोक डिटेक्टर' धूर ओळखतो. आजच्या बहुतेक शोधकांत धुराच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश संवेदक टिपतो. 'हीट डिटेक्टर' तापमान ओळखतो. स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने खोटी वर्दी जाऊ नये म्हणून तेथे हा दुसरा योग्य.

८/ 'मॅन्युअल कॉल पॉइंट' म्हणजे भिंतीवरची लाल पेटी. ती काच दाबून वा फोडून माणसाने स्वतः वर्दी द्यायची. बोस्टनच्या पेटीची ही थेट वारसदार. 'हूटर' म्हणजे सर्वांना सावध करणारा भोंगा.

९/ या सर्वांचा मेंदू म्हणजे 'कंट्रोल पॅनेल'. 'कन्व्हेन्शनल' पद्धतीत इमारतीचे 'झोन' पाडतात. पॅनेल केवळ 'दुसरा मजला' इतकेच सांगते. 'अ‍ॅड्रेसेबल' पद्धतीत प्रत्येक शोधकाला स्वतंत्र पत्ता असतो, त्यामुळे नेमकी खोली कळते. वीज गेली तरी पॅनेल बॅटरीवर चालले पाहिजे.

१०/ पॅनेलवर दोन वेगळे इशारे असतात : 'फायर' आणि 'फॉल्ट'. कन्व्हेन्शनल पद्धतीत झोनच्या तारेच्या टोकाला 'एंड ऑफ लाइन' रोधक बसवून तारेतून अल्प प्रवाह सतत वाहता ठेवतात. तार तुटली की प्रवाह थांबतो आणि पिवळा 'फॉल्ट' दिवा लागतो. आग नाही, पण पहारेकरी आंधळा झाला आहे, असा त्याचा अर्थ. त्रासदायक म्हणून हाच आवाज बंद करून ठेवणे सर्वांत घातक.

११/ महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करावे लागते.

१२/ खाली दुकान व वर घर ही रचना आपल्या जुन्या बाजारपेठांत सर्वत्र आढळते. तेथील जिना धुरासाठी धुरांडे ठरतो. अशा घरासाठी शोधक, बॅटरी आणि भोंगा एकाच डबीत असलेले उपकरण १९६० च्या दशकापासून उपलब्ध आहे. त्याला पॅनेल लागत नाही.

१३/ 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण मराठी माणसाला पाठ आहे. पण बंब कितीही जवळ असला तरी वर्दी दिल्याशिवाय निघत नाही, आणि वर्दी देण्यासाठी कोणीतरी जागे व्हावे लागते. पुढच्या वेळी अंधारीतून वर याल, तेव्हा आपल्या घराचा जिनाही एकदा आठवून पाहा.