चंपादेशाचा पांडुरंग

व्हिएतनामच्या मध्यभागांत समुद्रकांठानें उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशास ह्वे, दानांग, होइ आन, कुइन्योन, न्यात्रांग आणि फानरांग हीं शहरें ओळीनें लागतात. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस त्रुओंगसोन पर्वताची रांग आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत भातखाचरें, अशी या मुलखाची ठेवण आहे. डोंगराचे फांटे जागोजाग थेट पाण्यापर्यंत उतरले असल्यामुळें प्रत्येक नदीचें खोरें हा एक स्वतंत्र प्रांतच होऊन बसला आहे. कोंकण ज्यानें पाहिलें आहे त्याला ही रचना अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं. प्रवासमार्गदर्शिका या शहरांची शिफारस करितात ती वाळूच्या किनाऱ्यांसाठीं आणि रेशमी कंदिलांसाठीं. परंतु याच खोऱ्यांचीं जुनीं नांवें कानीं पडलीं म्हणजे मराठी वाचक क्षणभर थबकल्यावांचून राहणार नाहीं. दानांगभोंवतालचा प्रदेश म्हणजे अमरावती, कुइन्योनलगतचा विजय, न्यात्रांगचा कौठार, आणि सर्वांत दक्षिणेकडील फानरांगचा मुलूख म्हणजे पांडुरंग!

हे सारे प्रांत चंपा राज्याचे. राज्य म्हणण्यापेक्षां खोऱ्याखोऱ्यांतील राजांचा एक सैल संघ म्हणणें अधिक यथार्थ होईल. कारण त्यांतील एखादा राजा बलाढ्य झाला म्हणजे तो स्वतःस 'चंपेचा महाराजाधिराज' म्हणवीत असे, आणि तो दुबळा झाला कीं पुन्हां प्रत्येक खोरें आपापल्या वाटेनें जात असे. या प्रदेशाचे रहिवासी जे चम लोक, त्यांची भाषा व्हिएतनामी भाषेशीं नव्हे तर मलायी व जावानी भाषांशीं नातें सांगणारी. ते दर्यावर्दी, आणि अगरूच्या व्यापारावर धनवान झालेले. चिनी बखरकारांस त्यांचा परिचय इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून होता, आणि त्यांच्या सत्तेचा शेवटचा तुकडा नाहींसा झाला तो १८३२ सालीं.

या नांवांनीं आपल्याकडील विद्वानांस मोहिनी घातली यांत नवल नाहीं. रमेशचंद्र मजुमदार यांनीं १९२७ सालीं चंपेवर जो ग्रंथ लिहिला, तो 'अतिपूर्वेकडील प्राचीन हिंदी वसाहती' या मालेंतील पहिला भाग होता. परतंत्र राष्ट्रास आपल्याही पूर्वजांनीं समुद्र ओलांडून राज्यें स्थापिलीं असें वाटणें हें औषधासारखें असतें, आणि त्या ग्रंथामागील परिश्रम आजही आदरास पात्र आहेत. मात्र 'वसाहत' हा शब्द घेतला कीं त्याबरोबर गलबतें, सैन्य, जिंकलेली भूमि आणि जित लोक हीं सर्व आलीं. आणि चंपेच्या शेंकडों शिलालेखांत यांपैकीं कशाचाही मागमूस लागत नाहीं. भारतांतील कोणत्याही राजानें चंपेवर स्वारी केल्याची किंवा तेथून खंडणी घेतल्याची नोंद ना इकडे आहे, ना तिकडे. मग राहतीं केवळ नांवें. पण नांवें माणसांवांचूनही प्रवास करितात. सयामांत १३५१ मध्यें जी अयुध्या वसली ती थाई लोकांनीं वसविली. तिच्यासाठीं शरयूकांठचा कोणी रहिवासी तेथें जावा लागला नाहीं. अंगदेशाची राजधानी चंपा आणि ही समुद्रकांठची चंपा यांचा संबंध याहून निराळा मानण्यास आधार नाहीं. पंढरपुराच्या बाबतींतही तेंच. चम लोक आपल्या भाषेंत त्या प्रांतास 'पानरांग' म्हणतात, आणि संस्कृत लेखकानें त्या देशी नांवास पांडुरंगाचा पोषाख चढविला असावा हा तर्क, त्याच्या उलट असलेल्या तर्काइतकाच सयुक्तिक आहे. पांढरा वर्ण हा शिवाचाही आहे हें विसरून चालावयाचें नाहीं. आणि चंपेंत राज्य चालत होतें तें प्रामुख्यानें शिवाचें.

न्यात्रांगनजीक वो कान्ह येथें सांपडलेला संस्कृत लेख आग्नेय आशियांतील अत्यंत प्राचीन संस्कृत लेखांपैकीं एक समजला जातो. त्याचें कौतुक आपण वारंवार करितों. परंतु त्रा किएउजवळ डोंग येन चौ येथें सांपडलेला, सुमारें चौथ्या शतकांतील एक लहानसा लेख आपल्या लेखांतून क्वचितच भेटतो. तो संस्कृतांत नाहीं, चम भाषेंत आहे. आणि मलायीपासून हवाई बेटांच्या भाषेपर्यंत पसरलेल्या त्या अवाढव्य भाषाकुलांतील आजवर मिळालेलें तें सर्वांत जुनें लिखाण आहे. विषय काय, तर राजाच्या नागदेवतेचा मान राखावा, न राखणाऱ्यास नरक. लिपि भारतीय वळणाची, 'नाग', 'नरक', 'स्वर्ग' हे शब्द भारतीय, आणि वाक्य मात्र त्यांचें स्वतःचें. चंपेचा इतिहास समजून घेण्यास मला हा एक दगड पुरेसा वाटतो.

दानांगच्या नैर्ऋत्येस डोंगरांनीं वेढलेल्या दरींत मी सोन हें देवस्थान आहे. 'मी सोन' याचा अर्थ सुंदर पर्वत. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन् राजानें येथें भद्रेश्वराची स्थापना केली. तें देऊळ आगींत गेलें, तेव्हां सातव्या शतकांत शंभुवर्मन् यानें तें पुन्हां उभारून देवास शंभुभद्रेश्वर असें जोडनांव दिलें. राजा आपलें नांव देवास देतो ही रीत आपल्याकडीलच. परंतु पुढें चंपेंत राजा व ईश्वर यांमधील सीमारेषा इतकी पुसट झाली कीं मृत राजेच देव म्हणून पुजले जाऊं लागले. ६५८ च्या येथील लेखांत गंगाराज नांवाच्या पूर्वजाचा उल्लेख आहे. त्यानें राज्यत्याग करून गंगेच्या दर्शनासाठीं प्रयाण केलें. भारतांतून तिकडे गेलेल्या विजेत्यांच्या कथा रचणाऱ्यांनीं या उलट दिशेच्या प्रवाशाकडे थोडें अधिक लक्ष द्यावयास हवें होतें. ज्या प्रकाशधर्मानें हा लेख कोरविला त्यानेंच त्रा किएउ येथें वाल्मीकीची पूजा स्थापिली. 

मी सोन येथें एकंदर सत्तरांच्या आसपास इमारती होत्या. विटांचा सांधा इतका बारीक कीं चुना दिसत नाहीं. आणि नक्षी आधीं कोरून बसविलेली नव्हे, तर भिंत उभी राहिल्यावर विटेंतच कोरलेली. फ्रेंच पंडित आंरी पार्मांतिए यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं या देवळांचीं मोजमापें व नकाशे अतिशय चिकाटीनें तयार केले. तें काम आज अधिकच मोलाचें झालें आहे, कारण त्यानें ज्यास 'अ १' हा क्रमांक दिला तें सर्वांत भव्य देऊळ १९६९ च्या ऑगस्टांत अमेरिकन बाँबफेकींत कोसळलें. तेराशें वर्षें आगी, स्वाऱ्या आणि रान यांना पुरून उरलेली ती दरी त्या युद्धानें विटांच्या ढिगाऱ्यांची केली. पुढें काझिमिएझ क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुकारानें जें वांचविण्यासारखें होतें तें वांचविलें, आणि २०१७ ते २०२२ या काळांत भारतीय पुरातत्त्व खात्यानें तेथील तीन समूहांची डागडुजी केली. २०२० मध्यें त्या कामांत एक अखंड वालुकाश्माचें शिवलिंग उघडकीस आलें, तेव्हां आपल्या वृत्तपत्रांनीं जो गजर केला त्यांत 'चम' हा शब्द शोधूनच काढावा लागला असता.

न्यात्रांगची पो नगर ही देवी याहूनही बोलकी आहे. नदीच्या मुखाजवळच्या टेकडीवर तिचीं विटांचीं शिखरें आहेत. ७७४ सालीं समुद्रमार्गें आलेल्या लुटारूंनीं हें स्थान जाळून शंभूचें मुखलिंग पळविलें. दहा वर्षांनीं सत्यवर्मन् यानें तें पुन्हां उभारिलें. ९१८ मध्यें देवीची सुवर्णमूर्ति बसली, ती ख्मेरांनीं लुटून नेली, आणि ९६५ मध्यें राजानें शहाणपणानें पाषाणाची मूर्ति बसविली. लेखांत तिला भगवती म्हटलें आहे; पण चम लोक तिला 'राज्याची माता' म्हणतात, आणि ती कोणा देवाची पत्नी म्हणून तेथें बसलेली नाहीं. ज्या समाजांत आजही कुळ आईवरून मोजतात त्या समाजाची ही माता आहे. पुढें व्हिएतनामी लोकांनीं कौठार घेतला, पण देवीस हलविलें नाहीं. तिला थिएन इ आ ना हें नवें नांव दिलें. कलिंगडाच्या मळ्यांत एका वृद्ध जोडप्यास सांपडलेली मुलगी अगरूच्या ओंडक्यांत शिरून समुद्रावरून उत्तरेस वाहत गेली, तेथील राजपुत्राची पत्नी झाली आणि मुलें घेऊन परत आली, ही तिची कथा फान थान्ह जान या मंत्र्यानें १८५६ मध्यें शिलेवर कोरविली. जेत्यांनीं जितांच्या देवीपुढें असा माथा टेकला, याचा अर्थ केवळ भक्ति असा नव्हे. परक्या भूमींत पीक येण्यासाठीं त्या भूमीच्या मालकिणीची समजूत काढणेंही त्यांत असावें.

उत्तरेकडील प्रांत कसे गेले हें थोडक्यांत सांगतां येईल. ९८२ मध्यें इंद्रपूर लुटलें गेलें. १३०६ मध्यें जयसिंहवर्मन् (तिसरा) यानें व्हिएतनामी राजकन्या हुएन त्रान हिच्याशीं विवाह करून तिच्यासाठीं ओ व ली हे दोन प्रांत देऊन टाकिले, आणि वर्षभरांत तो वारला. सती जाण्याच्या प्रसंगांतून राजकन्येस माहेरच्यांनीं पळवून नेलें. प्रांत मात्र परत आले नाहींत. त्याच भूमीवर पुढें ह्वे ही न्गुएन राजांची राजधानी उभी राहिली. तिचे तट व थडगीं पाहण्यासारखीं आहेत, पण तीं दुसऱ्याच्या इतिहासाचीं. चौदाव्या शतकांत चे बोंग न्गा या चम राजानें आजच्या हनोईपर्यंत धडक मारिली, तो १३९० मध्यें पडला. १४७१ मध्यें ले थान्ह तोंगानें विजय नगर घेतलें. होइ आनचें बंदर जपानी व चिनी व्यापाऱ्यांनीं गजबजलें तें यानंतर. त्याच्यासमोरच्या बेटांना मात्र अद्याप 'चमांचीं बेटें' असेंच म्हणतात.

उरला तो पांडुरंग. तो मांडलिक होऊन जगला आणि १८३२ मध्यें मिन्ह मांग बादशहानें खालसा केला. त्यानंतरचीं बंडें १८३५ पर्यंत चिरडलीं गेलीं. २०१९ च्या खानेसुमारींत व्हिएतनामांतील चमांची संख्या पावणेदोन लाखांवर भरली, आणि त्यांची मोठी वस्ती याच भागांत आहे. तेथील निन्ह थुआन प्रांतच १ जुलै २०२५ पासून शेजारच्या खान्ह होआंत विलीन झाला.

या चमांतील जे शैव, त्यांस बाहेरचे लोक 'बालामोन', म्हणजे ब्राह्मण, म्हणतात. ते स्वतःस 'आहियर' म्हणवितात, आणि हा शब्द अरबी आहे. त्यांचे शेजारी 'अवल' हे इस्लामाच्या वळणाचे. एक शेवटचे, एक पहिले, आणि दोघांचे विधि एकमेकांवांचून पूर्ण होत नाहींत. आहियर मृतास दहन देतात. मग कपाळाच्या अस्थि आईच्या कुळाच्या दगडांखालीं ठेवितात. कोणत्या धर्मग्रंथांत हें बसवावयाचें?

फानरांगजवळच्या रुक्ष टेकडीवर पो क्लोंग गराइ याचें देऊळ आहे. आंत मुखलिंग आहे, दारापाशीं नंदी आहे. लिंगावरचा चेहरा मात्र देवत्व पावलेल्या चम राजाचा. शरदाच्या सुमारास काते उत्सवांत देवाचीं वस्त्रें येतात तीं डोंगरांतून. रागलाइ नांवाच्या वन्य जातीकडे तीं पिढ्यान् पिढ्या सांभाळण्यास दिलेलीं आहेत. तीं घेऊन ते मिरवणुकीनें खालीं उतरतात, दार उघडतें, कासवाच्या पाठीचें दोन तारांचें वाद्य वाजवीत गायक एकेका राजाचें व देवाचें स्तोत्र म्हणतो, लिंगास स्नान घालितात, आणि मग त्या पाषाणाच्या राजास डोंगरवासीयांनीं आणलेलीं वस्त्रें नेसवितात.