सुकतीची मिळकत

वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावरील भाईंदर आणि त्याच्या पश्चिमेस समुद्राला भिडलेली डोंगरी, चौक, पाली, उत्तन ही गावे इतिहासग्रंथांत येतात ती बहुधा १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी येथील धारावीचे ठाणे घेतले एवढ्या निमित्ताने. पोर्तुगीज अंमल गेला, मराठ्यांचा आला, १७७४ मध्ये ही गावे असलेली साष्टी इंग्रजांकडे गेली; परंतु सुकती (ओहोटी) लागताच गाळात उतरून टोपली भरणाऱ्या कोळी-आगरी बायकांची वहिवाट या उलथापालथींत मोडली नाही, आणि महसुलाच्या दृष्टीने क्षुल्लक म्हणून तिची फारशी वाच्यताही झाली नाही.

या वहिवाटीला पंचांग लागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती मध्यान्हीच्या सुमारास, म्हणून सुकती सकाळ-संध्याकाळी. आणि तेव्हाच पाणी सर्वांत दूर हटे. गाळातले खुबे व तिसऱ्या बोटांनी उकराव्यात, खडकाला चिकटलेली कालवे कोयतीने फोडावीत. घरी तिसऱ्यांना पाण्यात रेती सोडू द्यावी, तोंड वासलेल्या व टिचकी मारूनही न मिटणाऱ्या फेकून द्याव्यात, उरलेल्या विळीवर उघडून ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवाव्यात, असा हा शिरस्ता.

मात्र टिचकीची ही परीक्षा ताजेपणाची होती. पाण्याच्या शुद्धतेची नव्हे. शिंपल्यातील जीव पाणी गाळून अन्न घेतो आणि त्या पाण्यातील जंतू व धातू स्वतःत साठवतो. १९०२ मध्ये इंग्लंडात एम्सवर्थची कालवे मेजवानीत खाऊन विंचेस्टर कॅथीड्रलचे डीन विषमज्वराने दगावले, कारण कालवांच्या वाफ्यांत गावाचे सांडपाणी शिरत होते. उकळी जंतू मारील. पण धातू वा शैवालांचे विष तिला जुमानत नाही. तमिळनाडूत १९८१ मध्ये अशा विषारी शिंपल्यांनी तिघांचा बळी घेतला.

इकडे उल्हास नदी कल्याण-उल्हासनगरच्या कारखान्यांचा मळ वाहत याच खाडीत उतरते, आणि १९८५ ची नगरपरिषद २००२ मध्ये महानगरपालिका होऊन मीरा-भाईंदर हे २०११ च्या गणतीत आठ लाखांवर पोचलेले शहर तिच्या काठी उभे आहे. अशा धोक्यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९२४-२५ च्या, कालवांतून पसरलेल्या विषमज्वराच्या साथीनंतर शिंपल्यांची क्षेत्रे तपासून, दूषित आढळल्यास ती बंद करण्याची पद्धत रुजली. बायकांच्या टिचकीने जे कळत नाही ते प्रयोगशाळेने सांगावे आणि त्याची सूचना बंदरावर लागावी, एवढी अपेक्षा रास्त आहे; कारण मिळकत गाळाची असली, तरी तिच्या निर्धोकपणाची जबाबदारी आता सांडपाणी सोडणाऱ्यांची आहे.