सुपारी लागते तेव्हा

सवय नसलेल्याने पानदानातला मोठा तुकडा तोंडात टाकला की कपाळावर घाम यायचा, घसा आवळायचा, घेरी यायची. घरातली वडीलधारी माणसं म्हणायची, ‘सुपारी लागली त्याला.’ या लागण्यामागचं द्रव्य १८८८ मध्ये वेगळं काढलं गेलं : अ‍ॅरेकोलिन. तरतरी त्याचीच आणि घेरीही त्याचीच.

माणसाला याची गोडी फार जुनी. फिलिपिन्समधल्या पालावान बेटावर, दुयोंग गुहेत, साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. दात डागाळलेले, शेजारी चुन्याने भरलेले शिंपले. आपल्याकडे संस्कृतातल्या ‘पूगफला’ची पोफळ झाली; मलयाळममधला ‘अडक्का’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘अरेका’ झाला आणि तेच नाव वनस्पतिशास्त्राने उचललं.

कोकणात श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. असोली सुपारी सोलायची, अडकित्त्यात धरायची. कट् आवाज होतो आणि पांढऱ्या-तपकिरी नक्षीची चकती खाली पडते. हीच सुपारी पूजेत गणपती होऊन बसते, लग्न ठरलं की फुटते आणि गुन्हेगारी जगात खुनासाठी ‘दिली’ही जाते. दिला शब्द पक्का, एवढाच तिचा अर्थ.

तिचं दुसरं रूप १९५२ मध्ये नोंदलं गेलं. पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांची तोंडं उघडेनाशी झाली होती. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी हाच विकार मांडला. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आत तंतू साचत जातात. मऊ अस्तर पांढुरकं, ताठर होतं, तिखट सोसत नाही. पुढे काहींना कर्करोगही होतो. बरीच वर्षं दोष तंबाखूवर गेला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट केलं, की तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे.

म्हणजे आजीचा विडाही निर्दोष नव्हता. फक्त त्याला वेळ लागायचा : पान पुसा, चुना लावा, सुपारी कातरा. गुटख्याच्या पुडीने हे सगळे अडथळे काढून टाकले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली; अडकित्ता मात्र परतला नाही.

आता दवाखान्यात डॉक्टर सांगतात, ‘तीन बोटं उभी तोंडात घालून दाखव.’ समोरच्या पोराची दोनच जातात. त्याला ना घाम फुटलेला असतो, ना घेरी आलेली. तरी सुपारी लागलेली असते.